मळ्यातलं ते

रावेत,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश,

तुला खूप खूप आशीर्वाद. गवराकाकूंकडे मलमाच्या दोन ट्यूबा दिल्या होत्या, त्या पोचल्या का? थंडीत भाजलेली कातडी ओढते, म्हणून आळस न करता दोन वेळा लाव. फोन केला की तुझा नुसता श्वास ऐकू येतो आणि मग मीच एकटी बडबडत बसते. त्यापेक्षा पत्र बरं. सहा वर्षं झाली, पोस्टमनलाही आता आपली सवय झाली असेल.

यंदा भाऊबीजेला येणं झालं नाही. दाजींची कंबर धरली होती आणि स्नेहलला हिंजवडीहून सुट्टी मिळेना. हेच मी मागच्या वर्षीही लिहिलं होतं का रे? लिहिलं असेल तर पुन्हा एकदा माफ कर.

इकडची बातमी म्हणजे, तुझी आक्का लेखिका झाली आहे! हसू नकोस. स्नेहलच्या ऑफिसात रणजीत नावाचा एक मुलगा आहे. तो फोनवर ऐकायच्या भयकथा वाचतो. आवाज छान आहे त्याचा, खर्जातला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता लोक कानात घालून ऐकतात म्हणे. त्याला गोष्टी कमी पडायला लागल्या, तेव्हा स्नेहलने माझं नाव सांगितलं. निवृत्त झाल्यापासून मी नुसती बसूनच होते. दोन गोष्टी लिहून दिल्या, एक वसतिगृहाची, एक रिकाम्या बसची. बऱ्या गेल्या. आता तो म्हणतो, "काकू, आपल्या भागातली द्या. चाकणकडची. लोकांना ओळखीची जागा पाहिजे."

त्यावरून आठवलं. आपल्या विहिरीच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत का? लिंबाखाली उभं राहिलं तर पाणी दिसतं की वाकून बघावं लागतं? आणि तू अजून दिवस मावळायच्या आत तोंडाला टॉवेल गुंडाळून बांधापर्यंत चक्कर मारतोस ना? सहज विचारते आहे.

नीट जेवत जा. काकूंना नमस्कार सांग.

तुझी आक्का


रावेत,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश,

आशीर्वाद. पायऱ्या मोडल्याचं कळवलंस, बरं झालं. बोटं आखडलेली असूनही तुझं अक्षर माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं आहे.

गोष्ट गेली. नाव 'मळ्यातलं'. अकरा दिवसांत चार लाख लोकांनी ऐकली. आमच्या सोसायटीचा वॉचमन परवा गेटवर दुसऱ्याला सांगत होता, विहिरीवरच्या भुताची गोष्ट ऐकली का म्हणून. मी गाजराची पिशवी घेऊन मुकाट्याने पुढे गेले.

तुला एक गंमत सांगते. आधी मी 'तो' लिहिलं होतं. 'तो विहिरीच्या काठाशी बसला होता.' रणजीतला वाचून दाखवलं, तर त्याचं तोंड पडलं. "काकू, हा तर बिचारा वाटतोय." आमच्या मजल्यावरच्या कुसुमताई तिथेच बसल्या होत्या. त्यांच्या तर डोळ्यांत पाणी! "कुणाचा गं हा? ह्याला आई नाही का?" भुताच्या गोष्टीत आईची चौकशी!

मग एका दुपारी मी कागद घेऊन बसले आणि सगळीकडे 'तो'चं 'ते' केलं. 'ते विहिरीच्या काठाशी बसलं होतं.' बस, एवढंच. शिंगं लावली नाहीत, सुळे लावले नाहीत. 'जेवत होता' तिथे 'चघळत होतं' केलं आणि 'रडत होता' तिथे 'आवाज काढत होतं'. पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा कुसुमताईंनी उठून गॅलरीचं दार लावून घेतलं. त्याच बाई, तीच गोष्ट. बत्तीस वर्षं मी मुलांना नामाची लिंगं शिकवली, पण त्यांच्यात एवढी ताकद असते हे मला त्या दुपारी कळलं. खरं सांगते, आनंद झाला. पहिल्यांदाच शब्द माझ्या हुकमात आल्यासारखं वाटलं.

रणजीतचा दुसरा नियम असा की त्याला बोलू द्यायचं नाही. "बोललं की माणूस होतं, काकू." मी नाही बोलू दिलं.

हे सगळं काल्पनिक आहे हे तुला सांगायला नकोच.

काल गवराकाकूंचा फोन आला होता. मळ्याच्या तोंडाशी दोन मोटारसायकली थांबल्या आणि "त्या गोष्टीतलं शेत हेच का?" असं त्यावरची पोरं विचारत होती म्हणाल्या. योगायोग असेल. मी गावाचं नाव कुठेच घातलेलं नाही. लिंब, मोडक्या पायऱ्या आणि माळापलीकडे दिसणारे कारखान्यांचे दिवे, एवढंच तर आहे. असे मळे त्या पट्ट्यात शंभर असतील.

तरी थोडे दिवस बांधाकडे जाऊ नकोस. कुत्री फार माजली आहेत म्हणतात.

तुझी आक्का


रावेत,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

ज्ञानेश,

तीन आठवड्यांत तुझी एकही ओळ नाही. काकू फोनवर पहिल्यासारख्या बोलत नाहीत. काल त्या म्हणाल्या, "साधना, आवाज त्या पोराचा हाय, पर शब्द तुजं हायती. मी वळखलं." मग त्यांनी सांगितलं की रविवारी वीस-वीस माणसं येतात. दुपारपासूनच येतात. कुणीतरी पत्र्यावर दगड टाकले आणि तू दिवसभर कडी लावून आत बसून होतास.

कुत्र्यांचं मी खोटं लिहिलं होतं. मळ्याचंही. गोष्टीतलं ते तूच आहेस. तुझा टॉवेल, तुझं चालणं, तुझ्या घशातून येणारा तो आवाज, सगळं मी उचललं. लिहिताना स्वतःला सांगत होते की मी फक्त जागा घेतली आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती सहा वर्षं माझ्या घशाशी अडकलेली आहे. आता लिहिली नाही तर कधीच लिहिणार नाही.

फाउंड्रीत तुझ्या अंगावर वितळलेल्या लोखंडाचा रस उडाला, त्यानंतर अडतीस दिवसांनी दवाखान्यातून तुला सोडायचं होतं. वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं, "पेशंटला कुणाच्या घरी नेणार?" तू पलंगावर होतास, डोळ्यांवर पट्टी. मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते घरी कसं न्यायचं? घरात मुलगी आहे."

'ते' म्हणाले मी. नंतर मी मनाची समजूत घातली की मी तुझ्या तोंडाबद्दल बोलत होते. तोंड नपुंसकलिंगी, ते तोंड. व्याकरण बरोबर होतं. पण तोंड काही वेगळं घरी न्यायचं नसतं रे. तू झोपला असशील अशीही समजूत घातली. स्नेहल त्या वेळी बारावीत होती आणि तिने मला दोनदा विचारलं होतं, मामाला माझी खोली देऊ का? हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

मी ते निस्तरायचा प्रयत्न केला आहे. दुसरी गोष्ट लिहिली. यात 'ते' नाही आणि 'तो'सुद्धा नाही. सगळी 'मी'ने लिहिली आहे, त्याच्याच तोंडून. 'मला कुणी नाव विचारलं नाही. माझं काळीज विदीर्ण झालं, तेव्हा त्याचा आवाज फक्त विहिरीने ऐकला.' रणजीत नको म्हणत होता, पण शेवटी त्याने वाचली. गुरुवारी ती आली आणि पहिलीपेक्षा दुप्पट चालली आहे. लोक लिहितात की आम्ही रडलो, आम्हाला माफ कर. आता दगड घेऊन कुणी येणार नाही. काकू म्हणाल्या की कालच कुणी चादर आणि पेढे ठेवून गेलं.

एका बाईने मात्र असं लिहिलं आहे: 'ह्याला तिथे टाकून कोण गेलं? खरं तर ते बघायला पाहिजे.' दोन हजार लोकांनी त्याला दुजोरा दिला आहे. मी त्या गोष्टीत बहीण घातलेली नाही. घालायला हवी होती.

एक ओळ तरी लिही.

आक्का


मळा,
३० डिसेंबर, मंगळवार

आक्कास,

ज्ञानेशचा नमस्कार. मलम मिळालं. लावतो.

दोनी गोष्टी ऐकल्या, काकूच्या फोनवर. पैल्या गोष्टीत मी बोलतच न्हाई आन दुसरीत लईच बोलतो. इदीर्ण म्हंजे काय गं? काकूला बी ठाव न्हाई. मी असं बोलत न्हाई आक्का. आवाज व्हता तवा बी न्हाई बोललो. मी शिफ्टचं बोलायचो, गाडीच्या हप्त्याचं बोलायचो, तुला कालवण तिखाट झालंय म्हनायचो. त्या गोष्टीतला रडतोय त्यो कुनी दुसराच हाय. लोक त्याला भेटाया येत्यात आन मला बघून गप हुत्यात.

दवाखान्यातलं मला ठाव हाय. डोळं बांधलं व्हतं, कान न्हाई. तू लिवलंस त्ये बरं वाटलं का वाईट, मला सांगता येत न्हाई. स्नेहलचं ठाव नव्हतं. त्ये वाचून मातर मी उठून भाईर गेलो.

आता परवाचं सांगतो. दुसऱ्या कुनाकडून ऐकायच्या आदी माज्याकडून ऐक.

रविवारी तीनच्या सुमाराला एक जन आला. गणराज नाव त्याचं, हे मला मागून कळलं. कंपनीचा शर्ट व्हता अंगात. एकलाच व्हता. बिस्किटाचा पुडा आनला व्हता. मी लिंबाखाली बसलो व्हतो. त्यानं लांबनं पुडा ठिवला, हात जोडलं, आन मग फोन वर धरून मागं मागं सरत माजा फोटू काढाया लागला. त्याच्या मागं इहीर. मी वरडलो. माजं वरडनं तुला ठाव हाय कसं हाय ते. त्यो आवाज ऐकून त्यो आनकी मागं सरला, आन पडला.

मी दोर टाकला. त्यानं धरला बी. माजी बोटं वळत न्हाईत म्हनून मनगटाला येढा घातला आन वढाया लागलो. निम्म्यावर आला व्हता. मग त्यानं वर बगितलं. माजा टावेल सुटला व्हता. त्यानं माज्याकडं बगितलं आन दोर सोडला.

हात निसटला न्हाई, आक्का. सोडला.

मी मोडक्या पायऱ्यांनी उतरलो, छातीपातुर पान्यात गेलो, आन त्याची कालर धरून ठिवली. त्यो मला मारत व्हता. काकू मानसं घिऊन आली तवा त्यांनी वरनं काय बगितलं, तर मी पान्यात त्याला धरलंय आन त्यो हात पाय झाडतोय. एकजन म्हनला, "आरं बुडवतंय त्येला!" मग मला काठीनं मारलं. काकू मधी पडली म्हनून वाचलो.

गणराज दवाखान्यात हाय. डोक्याला लागलंय, सुद न्हाई. पोलीस आलं व्हतं. मला बोलता येईना म्हनून मी सगळं लिवून दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, वाचला न्हाई. गाव सोडून जायचं न्हाई म्हनलं.

तू येऊ नगंस. आता आलीस तर लोक तुलाबी बगतील.

ज्ञानेश


थोरला मळा,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ज्ञानेश,

हे पत्र मी तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. तुला पोचेल की नाही माहीत नाही. काकूंना तुझा पत्ता ठाऊक आहे, पण "तुला सांगायचा न्हाई म्हनलाय" असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही. पत्र त्यांच्या हातात देईन.

चौकीवर काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. तू आतल्या खोलीत होतास.

गणराज शुद्धीवर आला आणि त्याने जबाब दिला, त्याच संध्याकाळी तुला नेलं. स्नेहल आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. तिथल्या उपनिरीक्षक बाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी जबाब वाचून दाखवला. "ते काठाशी बसलेलं होतं. त्याला चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी थिजलेलं मेण होतं. त्याने आधी मला हुंगलं आणि मग ओढलं."

मी म्हणाले, "ही वाक्यं माझी आहेत."

"म्हणजे?"

मी पिशवीतून गोष्टीचे छापील कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत वाचलं. तीन ओळी शब्दाला शब्द तशाच होत्या. 'थिजलेलं' हा शब्द शोधायला मला अर्धी दुपार लागली होती.

"पाठ केल्यासारखं बोलतोय हा," बाई म्हणाल्या. "खोटं बोलतोय का?"

"नाही मॅडम. त्याला तसंच दिसलं. त्याने कित्येकदा ऐकलं असणार. तो इथे यायच्या आधीच मी त्याला ते दाखवून ठेवलं होतं."

"आणि आत बसलाय तो तुमचा कोण?"

उत्तर साधं होतं, तरी मला वेळ लागला. स्नेहल माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "भाऊ. माझा धाकटा भाऊ."

"सख्खा?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कागद पुन्हा एकदा चाळले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा लिहून दिलेला कागद त्यांनी हवालदाराकडून मागवला. तो अजून घडीतच होता. तो वाचून त्या उठल्या आणि दवाखान्यात गेल्या. आम्ही मागोमाग. गणराज उशीला टेकून बसला होता. डोक्याला पट्टी, वय अठ्ठावीस-तीस. त्याची बायको पायाशी बसली होती. बाई त्याला म्हणाल्या, "गोष्ट बाजूला ठेव. मला एवढंच सांग, तू पाण्यात असताना दोर कुठून आला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "कुणीतरी टाकला."

"कुणी?"

"वरनं टाकला. ओढत होता." त्याचे ओठ हलत राहिले. "माणूस होता, मॅडम. माणूसच होता." आणि तो रडायला लागला. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर तुला सोडलं. मी दारात रिक्षा थांबवून उभी होते. तुझी खोली तयार आहे असं सांगायचं होतं. स्नेहलने आदल्या दिवशी तिचं कपाट रिकामं केलं होतं. तू थांबलास, माझ्याकडे पाहिलंस, हात जरासा वर केलास आणि काकूंच्या मागे चालायला लागलास. चौथ्या दिवशी मी इथे आले, तर खोलीला नुसती कडी होती.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते, कारण ते तुला कळणं जरुरीचं आहे.

रणजीतने माझ्या सांगण्यावरून दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. त्याला वाईट वाटलं होतं, मनापासून. पण काढून काही उपयोग झाला नाही. लोकांनी त्या आधीच उतरवून घेतल्या होत्या. आता दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात तिसरी गोष्ट फिरते आहे. ती मी लिहिलेली नाही. तिचं नाव 'मळ्यातलं सुटलं'. त्यात ते विहीर सोडून शहराकडे निघतं. तोंड झाकून गर्दीत मिसळतं. बाजारात असतं, बसमध्ये तुमच्या शेजारी बसतं, काही विचारलं तर बोलत नाही. भाषा कच्ची आहे, निम्मी वाक्यं अशुद्ध आहेत. पण ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. खाली लोक ठिकाणं लिहितात. भोसरीत दिसलं. मोशीत दिसलं. पुलाखाली झोपलेलं दिसलं.

गेल्या मंगळवारी दापोडीच्या एका बस थांब्यावर लोकांनी एका माणसाला मारलं. त्याने मफलर तोंडावरून काढला नाही आणि नाव विचारल्यावर उत्तर दिलं नाही, एवढंच कारण. बातमी वाचली आणि मला वाटलं, तो तूच. स्नेहलला घेऊन दवाखाना शोधत गेले. पलंगावर सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांना ऐकू येत नाही. तो तू नव्हतास. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. मग त्यांची सून डब्यातली पेज चमच्याने भरवायला लागली आणि त्यांना तोंड उघडता येईना. मी तिथून बाहेर पडले.

तू कुठे आहेस मला ठाऊक नाही, पण ती गोष्ट तिथे तुझ्या आधी पोचलेली असेल. ज्या खोलीत राहशील तिथल्या शेजारणीने ती ऐकलेली असेल. चहाच्या टपरीवर ऐकलेली असेल. म्हणून सांगते, तोंड झाकू नकोस. जाशील तिथे पहिल्याच दिवशी, भर उजेडात, काय झालं ते कागदावर लिहून लोकांना दाखव. तुझ्याच शब्दांत. माझा एकही शब्द वापरू नकोस. आणि एकटा कुठे जाऊ नकोस.

मी दाजींना सांगून इथे येऊन राहिले आहे. त्यांना पटलेलं नाही. लोक अजून येतात, रविवारी जास्त. मी त्यांना ओट्यावर बसवते, पाणी देते आणि सांगते, इथे माझा भाऊ ज्ञानेश राहत होता, फाउंड्रीत होता, त्याने एका माणसाचा जीव वाचवला. काही ऐकून घेतात. काहींना ते नको असतं. ते माझ्या खांद्यावरून आत डोकावत राहतात. काल एकाने विचारलं, "मावशी, ते गेलं कुठल्या बाजूला, एवढं सांगा ना." त्याच्या गाडीला काठ्या बांधलेल्या होत्या. तसे तिघं होते. मी त्यांना खेडच्या बाजूला पाठवलं. तू तिकडे नसशील अशी आशा आहे. नसशील ना?

आत्ता साडेचार झाले आहेत. रस्त्यावर पुन्हा गाड्या थांबल्याचा आवाज येतो आहे, आज जास्त आहेत. पत्र इथेच आटोपते आणि बाहेर जाते.

तुझी बहीण,
साधना